जजबाईंचा वाटा

पैज लावून सांगतो, ही गोष्ट तुमच्यापैकी एकालाही खरी वाटायची नाही. एक न्यायाधीशबाई होत्या. त्यांनी भलत्या वेळी एका दोराला हात लावला, त्यापायी त्यांची न्याय करायची खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली तेव्हाच त्यांच्या हातून न्याय झाला. बघा, कोपऱ्यातले ते पाहुणे आत्ताच हसले. हसू दे. तोंडवलीच्या किनाऱ्यावर येऊन, फातिमाच्या खानावळीत चहा पिता पिता ज्याला निव्वळ खरे ऐकायचे असेल, त्याने घरी पेपर वाचत बसावे. तिथे मिळाले तर बघावे.

बाईंचे नाव जेसिंता लोबो. मालवणच्या पास्कू सुताराची मुलगी. पास्कू फुटक्या होड्या दुरुस्त करायचा आणि मुलगी उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत अभ्यास करायची. शिकली, वकील झाली, परीक्षा देऊन न्यायाधीश झाली, आणि मग बदल्यांनी तिला अख्खा महाराष्ट्र दाखवला, एक समुद्र सोडून. लातूर काय, बीड काय, चंद्रपूर काय. जिथे आंघोळीला टँकरची वाट बघायची, तिथे ही दर्यावरची पोर.

पण दरारा असा, की लातूरकडे त्यांच्यासमोर साक्षीदार खोटे बोलायला लागला की छताचा पंखा आपोआप थांबायचा. भर मे महिन्यात वकीलच साक्षीदाराच्या पाया पडायचे, 'बाबा रे, खरे काय ते बोल, घामाने कोट भिजलाय.' रिटायर होऊन घरी येताना आंबोलीला पाऊस असा कोसळत होता की पुढचा रस्ता दिसेना. बाईंनी गाडीची काच खाली केली आणि चष्म्यावरून वर नुसते बघितले. पावसाने पुढची तारीख मागून घेतली. सावंतवाडीपर्यंत थेंब नाही. ड्रायव्हर अजून सांगतो.

एक गोष्ट मात्र कुणीही सांगितली तरी खरीच. बाईंना माणूस नव्हते. न्यायाधीशाने गावात मिसळायचे नसते ना. आज कुणाच्या लग्नात जेवलात, तर उद्या त्याच मांडवातला दावा समोर यायचा. बाईंनी हा नेम असा पाळला, की एकदा शेजारणीने दिलेला तिळगूळ भिडेखातर तोंडात टाकला, आणि नंतर त्याच शेजारणीच्या दिराच्या बांधाचे भांडण कोर्टात आले, तर बाईंनी ते दुसऱ्या न्यायाधीशांकडे पाठवायला लावले. तिळगुळाएवढा संबंधही त्यांना चालत नसे. असे जगता जगता लग्न राहून गेले, मैत्रिणी राहून गेल्या, आणि एका दिवशी निरोपाचा हार गळ्यात घालून बाई मालवणात, बापाच्या घरी परत आल्या.

घर होते, पण गाव कुठले व्हायला? बाई दिसल्या की बसलेली माणसे उठून उभी राहात. बाजारात गेल्या की मासेवाल्या भाव करायच्याच थांबत. "बाय, तुमी काय ता द्या," म्हणत. घासाघीस केल्याशिवाय मासे घेणे म्हणजे मालवणात घरात सुतक असल्यासारखे. बाई मुकाट्याने पैसे देत आणि बिनभांडणाची मासळी घेऊन घरी येत. तिला चव कसली असायची?

मग त्यांनी पडवीत सारख्या उंचीच्या खुर्च्या मांडल्या आणि सांगून टाकले, कुणाचे काही भांडण असेल तर या, फी नाही, तारीख नाही, कोकमचे सरबत आहे. आधी लोक घाबरत आले, मग रांगेने यायला लागले. कुणाचा माड शेजाऱ्याच्या कौलांवर वाकलेला, कुणाचा कोंबडा पहाटेच्याही आधी आरवणारा, कुणाच्या सुनेने सासूच्या तुळशीत कढीपत्ता लावलेला. बाईंची पद्धत एकच. तक्रार घेऊन आलेल्याने आधी समोरच्याची बाजू सांगायची, आणि ती समोरच्याला पटेल अशी सांगायची. अर्धी भांडणे तिथेच मरत. उरलेल्यांसाठी सरबताचा दुसरा पेला. जिला कचेरीत एकटीने जायची भीती, तिच्याबरोबर बाई जायच्या आणि तिच्या शेजारी बाकावर बसून राहायच्या. दवाखान्यात ज्याच्याजवळ कुणी थांबायला नाही, त्याच्या उशाशी थांबायच्या. लोक हात जोडत, आणि हात जोडून उभेच राहात. शेजारी कुणी बसत नसे.

अशात एका सकाळी, मसाल्याचे हात न धुता, फातिमा त्यांच्या पडवीत येऊन उभी राहिली. हीच आपली फातिमा, या खानावळीची मालकीण.

"बाय, माझ्या भावांका आवर. येत्या शुक्रवारी जाळां कापतत."

"आधी बस," बाई म्हणाल्या. "आणि आधी त्यांची बाजू सांग."

"कोणाची सांगू? जमालभायची की मुझफ्फरभायची? दोघांवची बाजू माझीच आसा. माका तिसरी बाजू खंय आसा?" आणि फातिमा रडायलाच लागली.

पाहुण्यांसाठी जरा थांबून सांगायला हवे. आपल्याकडे रापण असते. होडी अर्धचंद्रासारखी फिरत समुद्रात लांबच लांब जाळे सोडते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढतात. फातिमाच्या बापाची रापण तोंडवलीत नावाजलेली. घरोघरचे तुकडे एकत्र शिवून त्याने ते जाळे केले होते. बाप गेल्यावर एका दोराच्या तोंडाशी थोरला जमाल आणि दुसऱ्याच्या तोंडाशी धाकटा मुझफ्फर. दोघांनी सारखे ओढले तरच मासळी आत राहते. एकाने घाई केली, दुसरा रेंगाळला, की जाळे तिरके होते आणि मासे हसत हसत परत जातात. आणि रापणीचा जुना कायदा एकच. दोराला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा पडला. मग तो रापणकर असो, पोस्टमन असो नाहीतर वाट चुकलेला भटजी असो.

भांडण या कायद्यावरूनच पेटले. पर्यटक यायला लागल्यापासून जमाल त्यांना हौसेने दोर ओढू द्यायचा. त्यांचे फोटो होत, जमालला चार माणसे जास्त मिळत. एक दिवस कुठल्याशा गावचा एक म्हातारा पाहुणा फोटो न काढता, तोंडातून शब्द न काढता, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोर ओढत राहिला. तळहात सोलून निघाले त्याचे. वाटे घातले, तर त्याचा वाटा नाही.

"पाहुण्यांक वाटो कसलो?" जमाल म्हणाला. "फोटोची मजा घेतल्यानी मां? झाला."

मुझफ्फरने आपला वाटा उचलला, त्या म्हाताऱ्याच्या पिशवीत ओतला, आणि सगळ्यांसमोर भावाला म्हणाला, "बापाशीचो कायदो मोडलंस. आजपासून तुझां जाळां येगळां, माझां येगळां."

"मग कापूया!" जमाल म्हणाला.

"कापूया!" मुझफ्फर म्हणाला.

कोकणी माणूस एकदा 'कापूया' म्हणाला की आधी नाक कापील, मग शब्द परत घेईल. आणि अर्ध्या जाळ्याने रापण होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

"माका जाळ्याचा काय्येक नाय, बाय," फातिमा डोळे पुसत म्हणाली. "पण मी एकाच्या घराक गेलंय तर दुसरो विचारतलो, थंय कित्या गेलंस? ईदीक कोणाकडे जावू? माझां म्हायार ता जाळांच आसा. ता फाटला, तर माका जावक दारच नाय."

बाईंनी दोघा भावांना बोलावून घेतले. आले. सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर, एकमेकांकडे पाठ करून बसले.

"जमाल, आधी मुझफ्फरची बाजू सांग."

"त्याका बाजूच नाय."

"मुझफ्फर, तू जमालची सांग."

"माका ती तोंडातसून भायर काढूक लाज वाटता."

सरबताचे तीन पेले झाले, तरी काही हलेना. शेवटी एवढे झाले, की दोघांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, शपथेवर कबूल केले: बाय म्हणतील ते ऐकायचे. कापा म्हणाल्या तर कापायचे, कापू नका म्हणाल्या तर सुरी समुद्रात.

"मग मी आधी स्थळपाहणी करणार," बाई म्हणाल्या. "जाळे बघितल्याशिवाय जाळ्याचा निकाल द्यायची मला सवय नाही."

बुधवारी सकाळी बाई स्कूटरवरून तोंडवलीत आल्या. इस्त्रीची साडी, डोक्यावर छत्री, चपला हातात. लोक उठून उभे राहिले. बाई वाळूत जरा लांब, दोन्ही रांगांपासून सारख्या अंतरावर उभ्या राहिल्या. कुणाच्या बाजूला एक पाऊल जास्त पडू नये म्हणून दोनदा जागा बदलली म्हणतात.

रापण ओढायला सुरुवात झाली. जमालच्या दोरावर माणसांची गर्दी, कारण थोरल्याचा राग परवडत नाही. मुझफ्फरच्या दोरावर म्हातारेकोतारे. तेवढ्यात ओढ बदलली आणि पाण्याने मुझफ्फरची बाजू आत खेचली. रांगेतला आल्बर्ट म्हातारा गुडघ्यावर आला. दोर वाळूतून सरसरत समुद्राकडे निघाला, साप निघावा तसा, नेमका बाईंच्या पायांपुढून.

इथे घाटावरचा न्यायाधीश असता तर नुसता बघत राहिला असता, आणि त्याचे बरोबरच होते. पण मालवणच्या माणसाला सुटत चाललेला दोर दिसला की हात विचारायला थांबत नाहीत. बाईंची छत्री उडाली. चपला उडाल्या. बाईंनी दोर धरला, टाचा वाळूत रोवल्या, आणि लहानपणी बापाबरोबर ओढायच्या तशा मागे रेलून ओढायला लागल्या. आल्बर्ट उठून त्यांच्या मागे उभा राहिला. "हय्या!" म्हणाला. बाईही म्हणाल्या. असे जोरात म्हणाल्या, की माडावरचे कावळे उठून देवगडला गेले. मध्येच सोडून द्यावा असे त्यांच्या मनातही आले नाही. जाळे किनाऱ्याला लागेपर्यंत ओढत राहिल्या, आणि मग वाळूत बसून स्वतःचे लाल झालेले तळहात बघून हसल्या.

मासळी बेताचीच होती. जेवढे हात दोराला लागले तेवढे वाटे पोरांनी वाळूवर घातले. आल्बर्ट नेहमीसारखा वाट्यांकडे पाठ करून बसला. ही आपली जुनी रीत. मागे कुणीतरी एका वाट्यावर काठी टेकवून विचारायचे, "ह्यो कोणाचो?" आणि पाठ करून बसलेल्याने न बघता नाव घ्यायचे. म्हणजे मोठा बांगडा कुणाकडे गेला म्हणून रुसायला जागा नाही.

"ह्यो कोणाचो?"

"मुझफ्फरचो."

"ह्यो?"

"पास्कूच्या जेसिंताचो."

बाईंनी चमकून वर बघितले. जजबाई नाही, मॅडम नाही, बाईसाहेब नाही. पास्कूची जेसिंता. बाप गेल्यापासून त्यांना असे कुणी म्हटले नव्हते. त्या पुढे झाल्या, ओंजळ पुढे केली, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की आपण काय करून बसलो.

फातिमाच्याही लक्षात आले. "बाय, घेव नको!" ती ओरडली.

"घेऊच नको," जमालही म्हणाला. "तू पाहुणी. सगळ्यांनी बघितला, तू नुसतो हात दिलंस. तुझो वाटो नाय. तू न्याय कर."

"हात लागलो," मुझफ्फर म्हणाला. "वाटो तिचोच."

बाई ओंजळ पुढे करून तशाच उभ्या. वाटा नाकारला, तर जमाल खरा ठरतो, आणि तो सोललेल्या हातांचा म्हातारा खोटा पडतो. स्वीकारला, तर आपणच या रापणीच्या वाटेकरी, मग न्याय कुठल्या तोंडाने करायचा? तिळगुळासाठी खटला सोडला होता. हे तर बांगडे होते, चांगले ओंजळभर.

"माझे हात सोलले आहेत," बाई शेवटी हळूच म्हणाल्या. "वाटा माझा आहे. मी घेणार." आणि मग, कोर्टात म्हणत तसे, सरळ उभे राहून, "त्यामुळे हे भांडण मला चालवता येणार नाही. माझा आता यात संबंध आला."

फातिमा तिथेच वाळूत बसली. "चार बांगड्यांसाठी खुर्ची सोडलंस?" म्हणाली. "आता शुक्रवारी माझां म्हायार कापतले, आणि तू बांगड्याचा सार जेव!"

बाईंना ते शब्द स्कूटरवरून घरापर्यंत पुरले. तरी त्यांनी सार केले. तिरफळ घालून, आई करायची तसे. तिखटाने तळहात असे चुरचुरले की डोळ्यांत पाणी आले. आणि त्या मासळीला चव होती. पहिला घास घेतला आणि बाई चमचा तसाच धरून बसून राहिल्या. फातिमाचे म्हणणे खरेच होते. आपण एका बाईचे माहेर घालवले आणि वर जेवायला बसलो. पण वाटा परत देऊन टाकावा, असे मात्र काही केल्या वाटेना. दुसऱ्या दिवशी पडवीत माणसे आली तर बाई म्हणाल्या, आज नको. हातांना खोबरेल चोळत, समुद्राकडे बघत बसल्या.

शुक्रवारी नमाज झाली आणि दोघे भाऊ किनाऱ्यावर आले. जाळे वाळूवर पसरले होते. मध्यावर बापाच्या हातचा जाड टाका होता, तिथे खूण केलेली. जमालच्या हातात सुरी. फातिमा खानावळीच्या दारात, पदर तोंडात घेऊन उभी. तेवढ्यात स्कूटर आली.

"बाय, तू कित्या इलंस?" जमाल म्हणाला. "तू तर खुर्ची सोडलंस."

"म्हणूनच आले," बाई म्हणाल्या. "मी वाटेकरीण आहे. जाळे कापायला माझी हरकत आहे."

"एका दिसाच्या वाट्यार हरकत?" मुझफ्फर म्हणाला.

"मुझफ्फर, हात लागला की वाटा, हे म्हणणारा तूच ना? त्यासाठीच सख्ख्या भावाशी भांडलास ना? मग सांग, एक वाटेकरी नाही म्हणत असताना तुझ्या बापाने कधी जाळ्याला सुरी लावली असती?"

मुझफ्फर बापाच्या टाक्याकडे बघायला लागला. जमालला मात्र आनंदाचे भरते आले. "बघ! म्हणान मी सांगी होतंय! येतो-जातो हात लावन वाटेकरी झालो, तर असाच होतला. बाय वाटेकरीण नाय. पाहुणी ती."

"पाहुणी?" बाईंनी विचारले.

"पाहुणी."

"या जाळ्याशी माझा काडीचाही संबंध नाही?"

"नाय."

"सगळ्यांसमोर सांगतोस?"

"शंभरदा सांगतंय!"

"मग संबंध नाही म्हटल्यावर मी पुन्हा न्याय करायला मोकळी झाले, जमाल. आणि मी म्हणेन ते ऐकायचे तू डोक्यावर हात ठेवून कबूल केले होतेस. निकाल ऐक. जाळे कापायचे नाही."

किनाऱ्यावर एवढी शांतता झाली की खेकडा चालला तर पावले ऐकू यावीत. मग आधी मुझफ्फर हसला. मग आल्बर्ट. जमालने सुरीकडे बघितले, बाईंकडे बघितले, पुन्हा सुरीकडे बघितले. वाटेकरीण म्हणावे तर हरकत, पाहुणी म्हणावे तर निकाल.

"ह्या बायक ह्या कोणी शिकवला?" तो म्हणाला.

"सरकारान," आल्बर्ट म्हणाला. "वर पगार देवन."

सगळे हसले, पण जमाल हसला नाही. सुरी त्याच्या हातात तशीच होती. शब्दात पकडले म्हणून ऐकणारा माणूस तो नव्हे. हसण्याने तर त्याचा हट्ट आणखी घट्ट झाला. बाईंनी आयुष्यभर अशी माणसे पिंजऱ्यात उभी राहिलेली बघितली होती. खटला हरलेली, आणि घरी जाऊन पुन्हा तेच करणारी. त्यांना कळले की आपण जिंकलो आणि फातिमाच्या हाती काहीच आले नाही.

बाई त्याच्यासमोर वाळूवर बसल्या. इस्त्रीची साडी, पसरलेले जाळे, मध्ये ती सुरी. आणि इतकी वर्षे कचेरीतली मराठी बोलणाऱ्या बाई पास्कूच्या घरातले बोलल्या.

"जमाल, आयक. माका कोर्टात न्याय करूक येय, पण मी कोणाच्या घरातली नाय होतंय. गावागावान लोकांचे वाटे केलंय, शेतांचे, घरांचे, भांड्यांचे. माझ्या नावाचो वाटो कोणी घातलो नाय. ह्यो पयलो. माझ्या बापाशीचा नाव घेवन घातलो. तो कापू नको रे. तुझ्या पाया पडतंय."

आणि त्या खरोखर वाकायला लागल्या. जमालने सुरी टाकली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. हातांना अजून फोड होते. त्याने ते उलटे करून नीट बघितले. रापणकराला हात वाचता येतात.

"खोबरेल लावलंस काय?" त्याने विचारले.

"लावलंय."

"मीठ-पाण्यान बरे होतत." मग तो उठला आणि मुझफ्फरकडे न बघताच ओरडला, "काय बघतंस? होडी घाल पाण्यात! बायचो वाटो खराच आसा काय ता बघूया!"

"दुपारची?" मुझफ्फर म्हणाला. "ह्या येळार खंयची रापण?"

"घाल म्हटलंय मां!"

आणि मंडळी, होडी पाण्यात गेली. जाळे अर्धचंद्रासारखे पसरले. एका दोरावर जमाल, दुसऱ्यावर मुझफ्फर, आणि दोघांची पावले अशी एकसारखी पडत होती की वरून बघणाऱ्याला एकच माणूस दोन ठिकाणी दिसावा. बाई आल्बर्टच्या पुढे. फातिमासुद्धा खानावळ उघडी टाकून दोराला लागली. कोपऱ्यातल्या पाहुण्यांसारखे जे कोणी किनाऱ्यावर होते, त्या सगळ्यांना जमालने स्वतः हाताला धरून आणले, आणि म्हणाला, "हात लावा, वाटो गावतलो."

आणि काय सांगू तुम्हाला! जाळे एवढे जड झाले, एवढे जड झाले, की समुद्र चार पावले पुढे आला. बांगडे, सुरमई, सरंगे, पापलेटे. सुरमई तर अशा, की शेपूट मालवणात आणि डोके वेंगुर्ल्यात. वाटे घालता घालता पोरांचे हात दुखले. वाट्यांचे डोंगर झाले. बाईंना पाठ करून नावे घ्यायला बसवले होते. त्या मासळीच्या डोंगराच्या सावलीत बसून नावे घेत होत्या, आणि गावातली नावे संपली तेव्हा पाहुण्यांची घेतली, पाहुण्यांची संपली तेव्हा माडांची घेतली. गोव्याच्या वाटेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर तर मासळीच्या ट्रकांची अशी रांग लागली, की पोलीस विचारायला लागले, सिंधुदुर्गात समुद्र शिल्लक आहे की नाही? आणि म्हणूनच, एवढी मासळी बघून, त्या दोघा भावांचा राग...

"खोटां!"

आत चुलीपाशी बसून इतका वेळ ऐकणारी फातिमा हातात डाव घेऊन बाहेर आली.

"पुरे करा ओ काकानू! सगळां खोटां! दुपारच्या रापणीक कधी मासळी लागता? त्या दिवसा जाळ्यात बोटाएवढे मूठभर पेडवे इले, आणि एक फाटकी चप्पल. अख्ख्या रापणीची मासळी माझ्या ह्या एका तव्यार मावली. तरीव जमालभायन वाटे घालूक लावल्यान, माणसाक एकेक पेडवो. जेसिंताबायक पाठ करून बसवल्यान आणि पयलो तिचोच वाटो स्वतः उचलून दिल्यान. आणि मगे दोघाव भाव हंय, ह्या बाकार, एका ताटात जेवले, आणि मधी बाय. ता सोडून सुरमईची शेपटी कित्याक सांगतास?"